दोन फूट भिंत

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणी अजून सायकलवरून कामाला जातात? लाजू नका, मीही जाते. वय शेचाळीस, एका पतसंस्थेत ठेवींच्या काउंटरला नोकरी, घर ते ऑफिस साडेतीन किलोमीटर. आमचं फलटण तसं सपाट, त्यामुळे घरातून नऊ पस्तीसला निघाले की दहाला दहा कमी असताना मी ऑफिसच्या दारात असते. पेट्रोल नाही, रिक्षाची वाट बघणं नाही, आणि 'जरा सोडता का हो' म्हणून दिरांच्या किंवा ह्यांच्या मागे लागणंही नाही. या शेवटच्या गोष्टीची किंमत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढचं सगळं लगेच कळेल.

तर आज विषय आहे सायकल ठेवायचा. चालवायचा नव्हे हं! चालवायला आपण कधीच शिकलो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या साधारण पंचेचाळीस टक्के घरांमध्ये सायकल होती. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवायची लाट आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिलंय, लाखाच्या वर बायका शिकल्या म्हणून. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, सगळ्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी सरकारकडून पैसे मिळू लागले. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. म्हणजे शाळेत जायला सायकल द्यायची असते, हे सगळ्यांना पटलेलं आहे. पण तीच मुलगी शिकून नोकरीला लागली की तिच्या सायकलीने दिवसभर कुठे उभं राहायचं? हा प्रश्न आला की सगळे तुमच्याकडे असे बघतात, जसं काही तुम्ही ऑफिसात म्हैस बांधायची परवानगी मागताय.

आमचं ऑफिस म्हणजे बाजारपेठेतला एक लांबुळका गाळा. पुढचं तोंड चौदा फूट. त्यात स्टाफच्या मोटारसायकली, मग खातेदारांच्या, आणि शेजारच्या औषधाच्या दुकानात येणाऱ्यांच्याही. सायकल गटाराच्या कडेला. सकाळी मी नीट लावलेली सायकल दुपारी कुणीतरी उचलून बाजूला ठेवलेली असायची, संध्याकाळी ती आडवी पडलेली असायची. पुढची बास्केट तीनदा चेपली. घंटी गेली. व्हॉल्व्हची टोपी तर महिन्याला एक. उन्हाळ्यात सीट इतकं तापायचं की बसायच्या आधी त्यावर पाण्याची बाटली रिकामी करायची. पावसाळ्यात सीटवर प्लॅस्टिकची पिशवी, आणि ती पिशवीसुद्धा चोरणारे निघाले! लोक सांगायचे, "ताई, एक स्कूटी घेऊन टाका ना आता." जणू सायकलीची अडचण ही जागेची नसून माझ्या ऐपतीची आहे.

हे सगळं मी वर्षानुवर्षं चालवून घेतलं असतं. आपण घेतोच. पण आमच्या मावशींची सायकल गेली.

मावशी म्हणजे आमच्या ऑफिसच्या शिपाई. सकाळी सातला एका घरची धुणीभांडी, आठला दुसऱ्या घरची, आणि साडेनऊला आमच्याकडे झाडलोट. तीन ठिकाणं तीन दिशांना. हे गणित काळ्या जेंट्स सायकलवर जमत होतं. गेल्या वर्षी श्रावणात भर दुपारी दोन वाजता, आमच्या दारातून, कुलूप लावलेली सायकल उचलून नेली. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, "फ्रेम नंबर काय?" आता हा नंबर कुणाला माहीत असतो? (तुम्ही मात्र आज घरी गेल्यावर बघा. सीटखालच्या नळीवर किंवा पायडलच्या मधल्या धुऱ्याखाली कोरलेला असतो. चिंध्याने पुसून, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.) सायकल काही सापडली नाही. मावशी चालत यायला लागल्या. पंधरा दिवसांत आठ वाजताच्या घरच्या बाईंनी सांगितलं, उशीर होतो, आम्ही दुसरी बघतो. महिन्याचे नऊशे रुपये गेले. नऊशे म्हणजे त्यांच्या नातवाच्या क्लासची फी.

दोन महिन्यांनी त्यांनी एक जुनी सायकल घेतली आणि ती दारात लावून दर अर्ध्या तासाने बाहेर जाऊन बघायला लागल्या. चहा देता देता मान दाराकडे. मला ते बघवेना. मी साहेबांना विचारलं, सायकली आत ठेवू का?

"आत? ताई, हे ऑफिस आहे. खातेदार काय म्हणतील? आणि जागा कुठाय?"

खातेदार काय म्हणतील याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण जागा कुठाय, याला होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पर्समध्ये मेजर टेप असतेच. जेवणाच्या सुट्टीत मी मोजायला बसले.

माझी लेडीज सायकल लांबीला पाच फूट नऊ इंच. हँडल बावीस इंच रुंद. उंची तीन फूट चार इंच. नेहमीसारखी लावली की भिंतीलगतची जवळपास सहा फूट जागा खाते. पण तीच सायकल मागच्या चाकावर उभी केली, पुढचं चाक आढ्याकडे आणि दोन्ही चाकं भिंतीला टेकलेली, तर भिंतीची जेमतेम दोन फूट रुंदी लागते. सहाचे दोन होतात. आता याचा तोटाही सांगते, कारण तो कुणी आधी सांगत नाही. उभी केलेली सायकल भिंतीपासून पुढे साडेतीन फूट येते. म्हणजे जाण्यायेण्याच्या बोळात हे चालणार नाही, येणाराजाणारा हँडलला अडकणार. यासाठी कोपराच हवा. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधला, जिन्याजवळचा, जिथे एरवी मोडकी खुर्ची आणि जुने कॅलेंडरचे रोल पडलेले असतात तो. असा कोपरा प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्या दप्तरखोलीत जुन्या खतावण्यांच्या लोखंडी कपाटाशेजारी तो चार फूट रुंद निघाला. दोन गुणिले दोन. मी मावशींना हाक मारली.

साहेबांना मी कागदावर आकृती काढून दिली. तक्रारअर्ज लिहिला असता तर तो फायलीत गेला असता. आकृती त्यांनी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, "पावसाळ्यापुरतं करा. भिंत खराब झाली तर रंगाचा खर्च तुमचा." चालेल म्हटलं.

आता खरं काम. सायकल उभी करायची म्हणजे काय करायचं?

आमच्याकडच्या सायकली म्हणजे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर असा सगळा संसार घेऊन येणाऱ्या. परदेशी चित्रांत दिसतात तशा सडपातळ नव्हेत. त्यामुळे मागच्या चाकावर सरळ उभी केली की वजन टायरवर न येता मागच्या मडगार्डच्या शेपटीवर येतं आणि पत्रा दुमडतो. शिवाय जुन्या जेंट्स सायकलींना जे दोन पायांचं स्टँड असतं, ते वर दुमडलं की चाकाच्या मागे येतं. अशी सायकल उभी केली तर ती स्टँडवरच टेकते आणि डुगडुगते. म्हणून अशा सायकली जमिनीवर टेकवायच्या नाहीत, टांगायच्या. भिंतीत वर एक मजबूत आकडा, त्यात पुढच्या चाकाची रिम अडकवायची, मागचं चाक जमिनीपासून दोन बोटं वर, भिंतीला नुसतं टेकलेलं. माझी अशी लागली.

मावशींच्या सायकलीचं मागचं मडगार्ड आधीच्या मालकाकडेच कधीतरी गळून पडलं होतं, कॅरिअरही नाही आणि स्टँड बाजूचं, एका पायाचं. तिला टांगायची गरज नव्हती. ती मागच्या टायरवर छान उभी राहते, फक्त वरचं चाक भिंतीतल्या कडीला जुन्या बॅगेच्या पट्ट्याने बांधायचं. मावशींचा उजवा खांदा दुखरा आहे, त्यांना उचलायला लागलं नाही हे बरं झालं.

एक शंका मला चौघांनी विचारली, रिमला टांगून चाक वाकडं नाही का होत? अहो, त्याच चाकांवर आपण बसतो, मागे गव्हाचं दळण ठेवतो, कधी पोरगं बसवतो. पंधरा-सोळा किलोची रिकामी सायकल त्याला काय जड! आकड्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा म्हणजे रिमला चरे पडत नाहीत, बस्स.

आकडा मात्र खिळ्यासारखा ठोकायचा नाही, इथे कंजुषी नको. वेल्डिंगवाल्याकडून दहा मिलिमीटर सळईचा आकडा करून घेतला, पाठीला पट्टी, पट्टीला चार भोकं. पक्क्या विटांच्या नऊ इंची भिंतीत ड्रिल मारून अँकर बोल्टने बसवला. नुसत्या गिलाव्यात बसवलेला स्क्रू आज ना उद्या सायकलीसकट खाली येतो. प्लायवूडच्या पार्टिशनला किंवा जिप्समच्या भिंतीला तर नावच नको. आणि ड्रिल मारण्याआधी वायर कुठून गेली आहे ते बघा. आमच्या दप्तरखोलीत मीटरच्या पेटीतून निघालेली पट्टी नेमकी तिथूनच जात होती, म्हणून आकडे वीतभर सरकवले. कोपऱ्यापासून पहिली सायकल एक फुटावर, दुसरी तीन फुटांवर, म्हणजे दोन हँडलांमध्ये दोन इंच राहतात. याहून कमी जागा असेल तर एक आकडा आठ-नऊ इंच वर घेतात, म्हणजे हँडल एकमेकांच्या वरखाली बसतात. पण मग ती वरची सायकल रोज तेवढी उचलावी लागते, हे लक्षात ठेवा. आपल्याला जमेल तेच करावं.

आकड्याची उंची कशी ठरवायची? सोपं आहे. दोघींनी मिळून सायकल भिंतीशी उभी धरायची, तिसरीने वरच्या रिमच्या आतल्या कडेला पेन्सिलीने खूण करायची, आणि त्या खुणेच्या दोन इंच वर आकडा. टेपने मोजत बसलात तर भानगड होते, कारण टायर, मडगार्ड, भिंतीचा उतार, प्रत्येकाचं थोडं थोडं निघतं.

उचलायचं तंत्र सांगते, ते कळलं की साडीतसुद्धा जमतं. सगळी सायकल कधीच उचलायची नाही. पदर खोचायचा. बास्केट रिकामी करायची, नाहीतर डबा डोक्यावर येतो. सायकल भिंतीसमोर नाक करून आणायची. डावा हात हँडलच्या मधोमध, उजवा हात सीटच्या मागच्या कडेला. सीट खाली दाबत हँडल स्वतःकडे वर ओढायचं, की सायकल मागच्या चाकावर आपसूक उठते. पुढचे पाय वर करून उभ्या राहणाऱ्या शेळीसारखी. आता तिचं वजन जमिनीवर आहे, आपल्या हातात फक्त तोल. तशीच दोन पावलं चालवत भिंतीपर्यंत न्यायची. शेवटी गुडघ्यात किंचित वाकून, कमरेतून नव्हे, तेवढे दोन-तीन इंच उचलायचं आणि रिम आकड्यात सोडायची. पहिल्या दिवशी मला चार मिनिटं लागली आणि काउंटरवरचे तिघे उठून बघायला आले. आता खतावणी कपाटात ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच.

मडगार्डवाल्या सायकलीला हे करताना शेपटी जमिनीला घासते. माझ्या सायकलीच्या मागच्या मडगार्डचं रबराचं टोक मी काढूनच टाकलं आणि पंक्चरवाल्या भाऊंकडून पत्रा दोन इंच कापून कडा घासून घेतल्या. पावसात पाठीवर चिखलाचे दोन ठिपके जास्त येतात, असू देत.

पाऊस हा मोठा मुद्दा. ओली सायकल टांगली की अर्धा तास ठिबकत राहते आणि दप्तरखोलीत कागद! साहेबांची भीती काही अगदीच खोटी नव्हती. म्हणून दारात पायपुसण्याशेजारी एक गोणपाट ठेवलं आहे. आधी चाकं त्यावर मागेपुढे फिरवायची, मग फडक्याने पुसायचं, मग आत. खाली चपटी प्लॅस्टिकची घमेली ठेवली आहेत. टायर भिंतीला टेकतात तिथे काळे डाग पडणारच, म्हणून घराचं काम झालं तेव्हा उरलेल्या पांढऱ्या फरशा गवंड्याकडून तेवढ्या पट्ट्यात चिकटवून घेतल्या. शनिवारी ओल्या कपड्याने पुसलं की झालं. सळई, बोल्ट, वेल्डिंग, गवंडी सगळं धरून साडेसहाशेच्या आसपास खर्च आला. तो आम्ही दोघींनी केला. मावशी अर्धे देते म्हणाल्या, मी शंभर घेतले, कारण काहीच घेतलं नसतं तर त्यांनी तिथे सायकल लावलीच नसती.

पावसाळा संपला. साहेब काही बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. दिवाळीनंतर ऑडिटर आले, त्यांनी दप्तरखोलीत जाऊन बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं?" साहेब म्हणाले, "स्टाफच्या सायकली आहेत, बाहेर जागा नाही." मी काउंटरवर नोटा मोजत होते, तरी ऐकलं. खातेदारांमधल्या एकानेही आजतागायत काही म्हटलेलं नाही. एका आजोबांनी मात्र विचारलं, आकडा कुणाकडून करून घेतलात?

सगळीकडे आमच्यासारखं होतं असं नाही. माझी एक मैत्रीण खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिची दुपारपाळी रात्री नऊला सुटते. सायकल दवाखान्याच्या मागच्या अंगणात, दिवा नसलेल्या ठिकाणी. महिन्यातून दोनदा तरी चाकातली हवा कुणीतरी सोडलेली. दिवसा हवा गेली तर पंप शोधता येतो, रात्री नऊ वाजता ती सायकल ढकलत दीड किलोमीटर चालायचं, आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलचा वेग कमी झाला की छाती धडधडते. तिने आत सायकल ठेवायला विचारलं तर सांगितलं, पेशंटच्या जाण्यायेण्यात अडथळा नको. हे कारण पटण्यासारखं आहे. स्ट्रेचर जातं त्या बोळात सायकल नकोच, आणि कुठल्याही ऑफिसात बाहेर पडायच्या वाटेवर ती नकोच, आग लागली तर काय! पण त्याच दवाखान्यात लाँड्रीच्या खोलीत एक भिंत रिकामी आहे, पाच फूट. तिने आता मोजून ठेवली आहे. मी आकृती काढून दिली आहे. मेट्रनबाई स्वतः पूर्वी सायकलवर यायच्या, असं कळलंय. बघू.

ज्यांच्या सायकली बॅटरीवरच्या आहेत त्यांनी टांगायच्या फंदात पडू नये, त्या वीस किलोच्या पुढे जातात. निदान बॅटरी काढल्याशिवाय तरी नाही. आणि ज्यांना पाठीचा किंवा पोटाच्या ऑपरेशनचा त्रास आहे, पोटुशा आहेत, त्यांनी अजिबात नाही. त्यांच्यासाठी खालची जागा दुसऱ्यांनी सोडली पाहिजे.

आमच्याकडे जूनपासून एक नवी मुलगी लागली आहे, कॉम्प्युटरवर. सहा किलोमीटरवरच्या गावातून सायकलवर येते, तीच शाळेत असताना घेतलेली सायकल. पहिल्याच दिवशी तिने दप्तरखोलीत डोकावून विचारलं, "मॅडम, इथं तिसरी बसंल का हो?" बसत नाही. चार फूट संपले. जेवणाच्या खोलीची भिंत प्लायवूडची. राहिला जिना. जिन्याखाली उंची पाच फूट दोन इंच, तिची सायकल पाच फूट सात. उभी मावत नाही, पण पुढचं चाक उतारावर टेकवून तिरकी मावेल असं मावशींचं म्हणणं आहे. त्यांनी झाडूच्या दांड्याने मोजून बघितलं. साहेबांना अजून सांगितलेलं नाही. वेल्डिंगवाले भाऊ सोमवारी येऊन बघतो म्हणालेत, तोवर ती मुलगी आपली सायकल माझ्या आकड्यावर लावते आहे आणि मी माझी शेजारच्या शिलाईच्या दुकानात, कटिंगच्या टेबलामागे.